एकाच सभागृहातली एक्कावन्न वर्षं

जर्मनीचे वोल्फगांग शॉयब्ले २६ डिसेंबर २०२३ रोजी वारले, तेव्हा आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत जी छोटी बातमी आली तिच्यात 'युरोझोनच्या संकटातले कठोर अर्थमंत्री' एवढीच त्यांची ओळख होती. ती चुकीची नाही, पण फार अपुरी आहे. अर्थमंत्रिपद त्यांच्याकडे आठ वर्षं होतं. संसदेचे सदस्य ते एक्कावन्न वर्षं होते, तेही एकाच मतदारसंघातून, सलग चौदा निवडणुका जिंकून. जर्मनीच्या राष्ट्रीय संसदेच्या इतिहासात इतका काळ कुणीही सदस्य राहिलेलं नाही.

देशाचं सर्वोच्च राजकीय पद, म्हणजे चॅन्सेलरपद, त्यांना मिळालं नाही. राष्ट्राध्यक्षपदही हुकलं. पक्षाचं अध्यक्षपद मिळालं ते सव्वा वर्षातच सोडावं लागलं. दर वेळी ते त्याच सभागृहातल्या आपल्या बाकावर परतले आणि तिथून पुन्हा उभे राहिले. त्यांची ताकद त्या सभागृहातून आलेली होती. त्यांचा सर्वांत मोठा डागही त्याच सभागृहात, भाषणाच्या टेबलापाशी दिलेल्या एका अर्धवट उत्तराने लागला. ही हकिगत नीट समजून घ्यायची तर सुरुवात त्यांच्या मतदारसंघापासून करावी लागते.

शॉयब्ले यांचा जन्म १८ सप्टेंबर १९४२ चा, फ्रायबुर्गचा. बालपण ब्लॅक फॉरेस्टमधल्या होर्नबेर्ग या लहान गावात गेलं. वडील करसल्लागार होते आणि युद्धानंतर बाडेनच्या प्रांतिक विधिमंडळाचे सदस्यही. मुलाने कायदा आणि अर्थशास्त्र शिकून १९७१ मध्ये कायद्यात डॉक्टरेट घेतली आणि तो राज्याच्या करखात्यात अधिकारी झाला. पुढच्याच वर्षी, तीस वर्षांचा असताना, ख्रिश्चन डेमोक्रॅटिक युनियन (सीडीयू) या पुराणमतवादी पक्षाचा उमेदवार म्हणून ऑफेनबुर्गमधून तो बुंडेस्टागवर, म्हणजे संसदेच्या मुख्य सभागृहावर निवडून गेला. ऑफेनबुर्ग ऱ्हाइनच्या खोऱ्यातलं गाव. नदीपलीकडे फ्रान्सचं स्ट्रासबुर्ग. शॉयब्ले आयुष्यभर फ्रान्सशी मैत्रीचे कट्टर समर्थक राहिले, त्याचं एक कारण भूगोलात आहे.

जर्मन मतदाराला दोन मतं असतात. पहिलं आपल्या मतदारसंघातल्या उमेदवाराला. त्यात २०२१ च्या निवडणुकीपर्यंत सर्वाधिक मतं मिळवणारा थेट निवडून येत असे, आपल्या लोकसभेसारखंच. दुसरं मत पक्षाला, आणि सभागृहात कोणत्या पक्षाचं बळ किती हे या दुसऱ्या मतावर ठरतं. उरलेल्या जागा पक्षाच्या राज्यवार यादीतून भरल्या जातात. या यादीत नाव कितव्या क्रमांकावर ठेवायचं हे पक्ष ठरवतो, त्यामुळे यादीतून येणाऱ्याला पक्षाची मर्जी सांभाळावी लागते. मतदारसंघ जिंकून येणाऱ्याची मुळं मात्र त्याच्या जिल्ह्यात असतात. त्याचीही उमेदवारी पक्षच देतो, पण ती देतात त्या मतदारसंघातले स्थानिक सदस्य, राजधानीतले श्रेष्ठी नव्हेत. शॉयब्ले पहिल्या मतावर चौदा वेळा निवडून आले. पक्षाचं नेतृत्व गेल्यावरही त्यांची खासदारकी कुणी का काढून घेऊ शकलं नाही, याचं साधं उत्तर इथे आहे.

ते संसदेत आले तो क्षणही लक्षात घ्यावा. एप्रिल १९७२ मध्ये सीडीयूचे नेते रायनर बार्त्सेल यांनी चॅन्सेलर विली ब्रांट यांच्यावर अविश्वास ठराव आणला होता. जर्मन राज्यघटनेत नुसतं सरकार पाडता येत नाही. त्याच ठरावात नवा चॅन्सेलर बहुमताने निवडावा लागतो. ब्रांट यांच्या आघाडीतले काही सदस्य आधीच फुटले होते, बार्त्सेल यांचं गणित पक्कं वाटत होतं. हवी होती २४९ मतं, पडली २४७. पुढच्या वर्षी सीडीयूच्याच एका खासदाराने ५०,००० मार्क घेऊन मत न दिल्याचं सांगितलं. ठराव पडला, तरी ब्रांट यांच्याकडे कामापुरतं बहुमत उरलं नव्हतं म्हणून नोव्हेंबरात मुदतपूर्व निवडणूक झाली. ९१ टक्के मतदान झालं आणि ब्रांट दणक्यात परतले. हरलेल्या पक्षाच्या बाकांवर त्या वर्षी जे नवे चेहरे आले त्यांत शॉयब्ले होते.

जर्मनीत आपल्यासारखा पक्षांतरबंदीचा कायदा नाही. सदस्य फक्त आपल्या सदसद्विवेकाला बांधील आहे, असं घटनेचं ३८ वं कलम सांगतं. पक्ष सोडला तरी जागा जात नाही. म्हणूनच तिथे प्रतोदाचं काम कठीण असतं. धाक दाखवायला कायदा नाही, तेव्हा माणसं समजावून, हिशेब मांडून, कधी डोळे वटारून एकत्र ठेवावी लागतात. १९८१ पासून शॉयब्ले हेच काम करत होते. १ ऑक्टोबर १९८२ रोजी हेल्मुट कोल अशाच अविश्वास ठरावातून चॅन्सेलर झाले. जर्मनीच्या इतिहासात यशस्वी झालेला असा ठराव आजवर तो एकच. १९८४ च्या नोव्हेंबरात कोल यांनी शॉयब्ले यांना चॅन्सेलर कार्यालयाचे प्रमुख आणि मंत्री केलं. पूर्व जर्मनीचे प्रमुख एरिश होनेकर १९८७ मध्ये बॉनला आले त्या भेटीची आखणी त्यांच्याच हातची. एप्रिल १९८९ मध्ये ते गृहमंत्री झाले. सात महिन्यांनी बर्लिनची भिंत पडली.

दोन राज्यं एकत्र करायची म्हणजे काय काय जुळवावं लागतं, याची यादी केली तरी दम लागतो: कायदे, न्यायालयं, रेल्वे, पेन्शन, जप्त झालेल्या मालमत्ता, गर्भपाताचे वेगवेगळे नियम, गुप्त पोलिसांची दप्तरं. पश्चिमेकडून शॉयब्ले आणि पूर्वेकडून ग्युंटर क्राउजे यांनी या सगळ्याचा करार दोन महिन्यांच्या आत लिहून काढला आणि ३१ ऑगस्ट १९९० रोजी बर्लिनमध्ये त्यावर सह्या केल्या. ३ ऑक्टोबरला जर्मनी एक झाली. करारात घाई होती, पूर्वेकडच्या लोकांना त्यातल्या काही तरतुदी आजही बोचतात. पण दुसऱ्या कुणाला तेवढ्या वेळात तो जमला असता असं मला वाटत नाही. करखात्यातला अधिकारी आणि प्रतोद, हे दोन्ही गुण तिथे एकाच माणसात लागत होते.

नऊ दिवसांनी, १२ ऑक्टोबरच्या संध्याकाळी, शॉयब्ले आपल्याच मतदारसंघातल्या ओपेनाउ गावी प्रचारसभेला गेले होते. सभा एका खानावळीत होती. ती संपवून निघताना एका मनोरुग्ण माणसाने मागून गोळ्या झाडल्या. एक मणक्यात लागली, एक चेहऱ्यावर. अंगरक्षकही जखमी झाला. शॉयब्ले वाचले, पण छातीच्या खालचं शरीर कायमचं लुळं पडलं. तेव्हा त्यांचं वय अठ्ठेचाळीस होतं. काही आठवड्यांतच ते व्हीलचेअरमधून कामावर परतले. त्यांच्या जिद्दीचं तेव्हा कौतुक झालं, अजूनही होतं. मला मात्र त्यानंतरची पुढची गोष्ट जास्त बोलकी वाटते: ते त्याच मतदारसंघात, तसल्याच खानावळींत, तसल्याच सभा घेत पुढची तीस वर्षं फिरत राहिले.

२० जून १९९१ रोजी बुंडेस्टागने एक प्रश्न निकाली काढला. एकत्र झालेल्या देशाचं सरकार आणि संसद बॉनमध्ये राहणार की बर्लिनला जाणार? पक्षादेश नव्हता. शंभराहून अधिक सदस्य बोलले, चर्चा सकाळपासून रात्रीपर्यंत चालली. सकाळचा अंदाज बॉनच्या बाजूचा होता. तिथे नोकऱ्या होत्या, घरं होती, चाळीस वर्षांची घडी होती. शॉयब्ले यांचं गाव बर्लिनपेक्षा बॉनला कितीतरी जवळचं. तरी ते बर्लिनच्या बाजूने बोलले. हा प्रश्न नोकऱ्यांचा, सामानसुमान हलवण्याच्या खर्चाचा किंवा कुठल्या प्रांताला काय मिळतं याचा नाही, तर जर्मनीच्या भवितव्याचा आहे, हा त्यांच्या छोट्या भाषणाचा गाभा. ते संपल्यावर विरोधी बाकावरचे वयोवृद्ध विली ब्रांट उठून त्यांच्यापाशी गेले आणि त्यांनी हात हातात घेतला. हे तेच ब्रांट, ज्यांच्या विजयाच्या वर्षी शॉयब्ले हरलेल्यांच्या बाकावर बसले होते. रात्री निकाल लागला: बर्लिन ३३८, बॉन ३२०.

एका भाषणाने राजधानी बदलली, असं जर्मनीत सर्रास सांगितलं जातं. ते थोडं घासून घ्यायला हवं. फरक १८ मतांचा होता, आणि पूर्व जर्मनीच्या जुन्या सत्ताधारी पक्षातून निघालेल्या छोट्या गटाची बहुतेक मतं बर्लिनला गेली होती. शॉयब्ले यांच्या स्वतःच्या गटात बॉनवाले थोडे जास्तच निघाले. पण मतं डळमळीत असताना कुणाच्या तरी शब्दाला वजन असावं लागतं. त्या दिवशी ते त्यांच्या शब्दाला होतं.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ते सीडीयू आणि तिचा बव्हेरियातला भागीदार पक्ष यांच्या संयुक्त संसदीय गटाचे नेते झाले. मंत्रिपद सोडून त्यांनी हे पद घेतलं, कारण सरकार टिकतं ते गटाच्या जोरावर. १९९४ मध्ये कोल पुन्हा चॅन्सेलर म्हणून निवडले गेले ते ३३८ मतांनी. आवश्यक होती ३३७. पुढची चार वर्षं एवढ्याशा बहुमतावर कारभार चालवणं हे गटनेत्याचं काम होतं. ऑक्टोबर १९९७ मध्ये कोल यांनी जाहीरपणे सांगितलं की आपल्यामागून शॉयब्ले यावेत. पण १९९८ च्या निवडणुकीला आपणच उभे राहणार, हे त्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. वारस नेमला, तारीख दिली नाही. १९९८ मध्ये कोल हरले, नोव्हेंबरात पक्षाची धुरा शॉयब्ले यांच्याकडे आली. पक्षाच्या सरचिटणीसपदी त्यांनी पूर्वेकडच्या एका माजी मंत्र्याला आणलं: आंगेला मेर्केल.

वर्षभरात देणग्यांचं प्रकरण फुटलं. पक्षाच्या माजी खजिनदाराला श्रायबर नावाच्या शस्त्रदलालाकडून दहा लाख मार्क मिळाले होते. मग गुप्त खाती निघाली. डिसेंबर १९९९ मध्ये कोल यांनी दूरचित्रवाणीवर मान्य केलं की आपण वीस लाखांपर्यंतची रक्कम हिशेबाबाहेर घेतली. पण देणाऱ्यांची नावं सांगणार नाही, शब्द दिला आहे. कायदा मोठा की दिलेला शब्द, या प्रश्नावर अख्खा देश वाद घालत होता.

२ डिसेंबर १९९९ रोजी बुंडेस्टागमध्ये याच विषयावर चर्चा झाली. बुंडेस्टागची इतिवृत्तं सर्वांना खुली आहेत; लघुलेखक त्यांत भाषणांबरोबर टाळ्या कुठल्या बाकांवरून आल्या, कोण हसलं, मध्येच कोण काय ओरडलं, हेही टिपतात. मी शब्दकोश शेजारी घेऊन ती वाचतो, आणि भाषणांपेक्षा या कंसांतल्या नोंदींतच पुष्कळदा जास्त सापडतं. त्या दिवशी शॉयब्ले यांनी सांगितलं की श्रायबरला आपण एका कार्यक्रमात भेटलो होतो, इतकंच. ग्रीन पक्षाचे श्ट्र्योबेले बाकावरून ओरडले, "सुटकेससह की सुटकेसशिवाय?" सुटकेस वगैरे काही नव्हती, असं शॉयब्ले यांनी उत्तर दिलं.

१० जानेवारी २००० रोजी त्यांनी दूरचित्रवाणीवर कबूल केलं की १९९४ च्या सप्टेंबरात बॉनमधल्या त्या भोजनानंतर श्रायबरने आपल्याला पक्षासाठी एक लाख मार्क रोख दिले होते. आपण ते खजिनदार बाईंकडे सोपवले, असं ते म्हणाले. बाईंची हकिगत वेगळी होती, आणि पैसे नेमके कुणाच्या हातून कुठे गेले यावर दोघांचं कधीच जुळलं नाही. रक्कम पक्षाच्या हिशेबात देणगी म्हणून लागलेली नव्हती. कोल यांच्या रकमांपुढे ती किरकोळच. पण कोल गप्प राहिले होते. शॉयब्ले यांनी सभागृहाला अर्धंच सांगितलं होतं. आणि सभागृह हीच तर त्यांची सारी पुंजी! जानेवारीतच त्यांनी बुंडेस्टागची माफी मागितली. महिनाअखेरीस श्रायबरशी आणखी एक भेट झाल्याचं त्यांना सांगावं लागलं, तेव्हा उरलासुरला आधारही गेला.

दरम्यान २२ डिसेंबरला मेर्केल यांनी एका मोठ्या दैनिकात लेख लिहून पक्षाने कोल यांच्यापासून वेगळं होऊन आपल्या पायांवर उभं राहावं, असं जाहीर केलं होतं. पक्षाध्यक्ष असलेल्या शॉयब्ले यांना लेखाची आगाऊ कल्पना दिलेली नव्हती. १५ फेब्रुवारीला बुंडेस्टागच्या अध्यक्षांनी सदोष हिशेबापायी सीडीयूला चार कोटींहून अधिक मार्क सरकारजमा करायला लावले. दुसऱ्या दिवशी शॉयब्ले यांनी पक्षाचं आणि गटाचं, दोन्ही नेतृत्वं सोडत असल्याचं सांगितलं. एप्रिलमध्ये मेर्केल अध्यक्ष झाल्या. कोल यांच्याशी त्यांचे संबंध संपले ते कायमचेच.

दुसरा कुणी असता तर इथे कारकीर्द संपली असती. शॉयब्ले यांच्याकडे ऑफेनबुर्ग होतं. २००२ मध्ये ते तिथून पुन्हा निवडून आले. २००४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी त्यांचं नाव पुढे आलं, पण मेर्केल यांनी होर्स्ट क्योलर यांना पसंती दिली. तरीही २००५ मध्ये त्याच मेर्केल यांच्या मंत्रिमंडळात ते गृहमंत्री म्हणून दाखल झाले. लोकांच्या संगणकांची गुपचूप झडती घेण्याचा अधिकार पोलिसांना मिळावा, यासाठी ते झटत राहिले. यावर चिडलेल्या संगणकवाल्यांच्या एका संघटनेने २००८ मध्ये त्यांच्या पाण्याच्या पेल्यावरून मिळालेला बोटाचा ठसा छापून प्रसिद्ध केला. याच गृहमंत्र्यांनी २००६ मध्ये सरकार आणि मुस्लीम समाज यांना एका टेबलाशी बसवणारी इस्लाम परिषद सुरू केली आणि इस्लाम हा जर्मनीचा भाग आहे असं सांगितलं. पुराणमतवादी म्हणजे अमुकच, असा साचा घेऊन बसलं तर हा माणूस हाती लागत नाही.

२००९ ते २०१७ या अर्थमंत्रिपदाच्या काळावर बरंच लिहिलं गेलं आहे, म्हणून थोडक्यात. २०१४ चं आर्थिक वर्ष त्यांनी एक युरोही नवं कर्ज न काढता पार पाडलं. १९६९ नंतर प्रथमच. या 'काळ्या शून्या'चा त्यांना अभिमान होता. त्याच काळात पूल, रेल्वे, शाळा यांवरचा खर्च मागे पडला, याची किंमत जर्मनी आजही मोजते आहे. ग्रीसवर त्यांनी लादलेल्या काटकसरीने तिथल्या पेन्शनवाल्यांचे हाल झाले. त्या देशाची अर्थव्यवस्था एक चतुर्थांशाने आकसली. करखात्याच्या नजरेला वहीतली तूट दिसते, वहीबाहेरची माणसं कमी दिसतात, हा दोष मला त्यांच्यात दिसतो. जुलै २०१५ मध्ये ग्रीसने पाच वर्षं युरोबाहेर राहावं, असा पर्याय त्यांच्या मंत्रालयाने मांडला. मेर्केल यांनी नव्या कर्जाचा मार्ग निवडला. मग १७ जुलैला शॉयब्ले यांनीच सभागृहात त्या मार्गाची बाजू मांडली. त्यांच्या गटातल्या साठ सदस्यांनी विरोधात मत दिलं. त्यांच्या मृत्यूनंतर आलेल्या आठवणींत उल्लेख आहे की त्याच वर्षी निर्वासितांच्या प्रश्नावरून मेर्केल यांना हटवून तुम्ही या, असं बव्हेरियाच्या एका जुन्या नेत्याने त्यांना सुचवलं होतं. त्यांनी नकार दिला.

२०१७ च्या निवडणुकीत अति-उजवा एएफडी पक्ष नव्वदहून अधिक जागा घेऊन संसदेत आला. सभागृह आवरणारा कुणी तरी हवा होता. २४ ऑक्टोबरला शॉयब्ले ५०१ मतांनी बुंडेस्टागचे अध्यक्ष, म्हणजे आपल्या भाषेत सभापती, झाले. अर्थमंत्रालयाच्या कर्मचाऱ्यांनी काळे कपडे घालून आवारात भलंमोठं शून्य उभं केलं आणि त्यांना निरोप दिला. पहिल्याच भाषणात त्यांनी बजावलं की जनतेच्या वतीने बोलण्याचा मक्ता कुणा एकाचा नाही. आता जर्मनीत पक्षांच्या देणग्यांचे हिशेब तपासण्याचं आणि चुकणाऱ्याला दंड करण्याचं काम बुंडेस्टागच्या अध्यक्षाकडे असतं. २००० साली ज्या खुर्चीवरून त्यांच्या पक्षाला दंड झाला, तीच ही खुर्ची. चार वर्षं त्यांनी ती सांभाळली. त्यांचा धाक सर्व बाकांवर होता, स्वतःच्या पक्षाच्या बाकांवरही. सभागृहाचा फुगत चाललेला आकार कमी करण्याचा त्यांचा प्रयत्न मात्र फसला. त्यांनी मतदारसंघ २९९ वरून २७० वर आणायचं सुचवलं होतं. पक्ष तयार झाले नाहीत.

२०२१ मध्ये चॅन्सेलरपदाचा उमेदवार म्हणून त्यांनी आर्मिन लाशेट यांच्यामागे जोर लावला. लाशेट हरले, त्यात शॉयब्ले यांचाही वाटा आहे. मोठा पक्ष बदलला तसं अध्यक्षपद गेलं. सर्वांत जुने सदस्य या नात्याने २६ ऑक्टोबरला नव्या सभागृहाची पहिली बैठक त्यांनी सुरू केली, समाजवादी पक्षाच्या बेर्बेल बास यांच्याकडे आसन सोपवलं आणि ते सदस्यांत येऊन बसले. वय एकोणऐंशी.

अखेरपर्यंत ते खासदारच होते. २२ जानेवारी २०२४ रोजी बुंडेस्टागमध्ये झालेल्या शासकीय शोकसभेत फ्रान्सचे अध्यक्ष माक्राँ बोलले. जर्मनीत पोटनिवडणूक होत नाही. त्यांची जागा पक्षाच्या राज्य यादीतल्या पुढच्या उमेदवाराकडे गेली. १९७२ पासून ऑफेनबुर्गच्या मतपत्रिकेवर दर वेळी असणारं नाव फेब्रुवारी २०२५ च्या मतपत्रिकेवर पहिल्यांदाच नव्हतं.